मोरदऱ्याला थांबलेला मोगरा

कसबा पेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी सुगराबींचं फुलांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक फळी, फळीवर ओलं गोणपाट आणि शेजारी पाण्याची बादली. समोर तांब्याची भांडी ठोकणाऱ्यांचा दिवसभर ठणठणाट. त्या आवाजावरून बोलायची सवय लागल्यामुळे सुगराबी कुठेही गेल्या तरी मोठ्यानेच बोलायच्या. सकाळी गणपतीचे हार, गुरुवारी दर्ग्यावरची चादर, लग्नसराईत मुंडावळ्या आणि सेहरे. त्यांच्या हाताला विसावा असा नसेच.

पण ही गोष्ट त्याच्या आधीची आहे, ऐंशीच्या सुमाराची. तेव्हा त्यांचे यजमान दादामियाँ नुकतेच गेले होते. बाजारातून माल आणणं, गिऱ्हाइकाशी बोलणं, ठरवाठरव करणं हे सगळं दादामियाँ बघत. सुगराबी घरात बसून ओवायच्या. एकुलती मुलगी लग्न होऊन सोलापूरला गेलेली. नवरा गेल्यावर लोकांनी गृहीतच धरलं की आता फळी उचलली जाणार. सुगराबींनी चाळिसाव्या दिवसाचे विधी होऊ दिले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे स्वारगेटवरून मार्केट यार्डाची बस धरली.

तिथे त्यांना कुणी ओळखत नव्हतं. चांगल्या पाट्या ठरलेल्या गिऱ्हाइकांच्या, त्यांच्या वाट्याला कोमेजलेला माल. महिनाभर असंच चाललं. मग एके दिवशी मोगऱ्याची पाटी उतरवणारा एक शेतकरी त्यांना म्हणाला, "आक्का, हितं कशाला धक्के खाता? आमच्या मळ्यावर या. मोरदऱ्याला उतरायचं, ठेसनापास्नं धा पावलावर हाय."

त्याचं नाव जयसिंग. मोरदरे म्हणजे मिरजेच्या बाजूला जाणाऱ्या एकेरी लोहमार्गावरचं एवढंसं स्टेशन. पॅसेंजर तेवढी थांबायची. सुगराबी संध्याकाळच्या गाडीने जायच्या, जयसिंगच्या घरी त्याच्या बायकोजवळ, शकूजवळ, मुक्काम करायच्या आणि सकाळच्या गाडीने ताजी फुलं घेऊन परत यायच्या. आयुष्यात कधी एकट्या मार्केट यार्डाच्या पुढे न गेलेली बाई आता तिकीट काढून, खिडकी धरून, शेजारणीशी गप्पा मारत घाट उतरू लागली.

त्या मे महिन्यात अमीनभाईंच्या युसूफचं लग्न ठरलं. अमीनभाईंचं पेठेत घड्याळं दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांच्या बायकोचं, जरीनाभाभींचं मत होतं की सेहरा कॅम्पातल्या मोठ्या फुलवाल्याकडून करून घ्यावा. "खालांनी एकट्यानं कधी सेहरा बांधलाय का?" असं त्या सुगराबींबद्दल म्हणाल्या, आणि ते खरंच होतं. लडी सुगराबी ओवत, पण त्या एकत्र बांधून कपाळपट्टीवर बसवायचं काम दादामियाँचं. अमीनभाई मात्र अडून बसले. "माझा सेहरा दादामियाँच्या हातचा. पोराचाही त्याच घरातून येईल."

निकाह मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या, नमाजानंतर होता. आदल्या संध्याकाळी सुगराबी मोरदऱ्याला गेल्या. पोचल्या तोच वळीव आला. गारा, वारा आणि विजा. जयसिंगच्या बांधावरचं एक नारळीचं झाड उभं जळालं. सकाळी आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. उजाडता उजाडता सगळ्यांनी मिळून कळ्या तोडल्या. मोगऱ्याचं गणित सोपं असतं. कळी सकाळी तोडायची, उन्हं चढायच्या आत ओवायला घ्यायची, म्हणजे ती संध्याकाळी माणसाच्या अंगावर उमलते. उशीर झाला तर ती पाटीतच उमलते आणि मग ओवायला जावं तर पाकळ्या हातात येतात.

गाडी वेळेवर आली. केळीच्या पानांनी झाकलेल्या पाट्या डब्यात चढल्या. सुगराबींनी दाराजवळ बसकण मारली आणि जयसिंगला हात केला. गाडी काही हलेना. पुढच्या सिग्नलचा हात आडवा तो आडवाच.

पहिला तासभर कुणाला काही वाटलं नाही. लोकांनी पेपर वाचले, शेंगा खाल्ल्या. मग पुरुष खाली उतरून रुळांवर उभे राहिले आणि सिग्नलकडे बघू लागले. जयसिंग स्टेशनात जाऊन आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"आक्का, आज गाडीचं काय खरं न्हाई. रातच्या इजेनं तारा जळाल्यात म्हनं. सिग्नल बंद, फोन बंद. पलीकडच्या ठेसनाशी बोलनंच होईना, आन् बोलनं झाल्याबिगर गाडी सोडता येत न्हाई. एकच रूळ हाय, समोरनं दुसरी आली म्हंजे?"

"मग किती वेळ?"

"मानूस चालत धाडलाय. त्यो पलीकडं जानार, परवानगीची चिठ्ठी घेऊन येनार."

"एस.टी.?"

"डांबरी सडक चार कोसावर. आन् तिथली गाडी भरूनच येती."

सुगराबींनी पाटीवरचं पान उचलून बघितलं. कळ्या अजून घट्ट होत्या. पण डब्याचा पत्रा तापू लागला होता. त्या मला पुढे सांगायच्या, "मला त्या वेळी युसूफ दिसला नाही, अमीन दिसला नाही. जरीना दिसली. म्हणतेय, बघा, मी सांगत नव्हते?"

त्यांच्या समोरच्या बाकावर पुण्याचं एक जोडपं बसलं होतं. यज्ञेश्वरपंत आणि मंदाकिनीबाई. शनिवार पेठेत राहणारे. पंत तारखात्यातून निवृत्त झालेले, बाई मुलींच्या शाळेत शिवण शिकवायच्या. जेजुरीहून कुलदैवताचं दर्शन घेऊन परतत होते. सुगराबींनी पाट्या खाली उतरवायला सुरुवात केली तशी मंदाकिनीबाईंनी विचारलं, "अहो बाई, गाडी पुण्याला जायची आहे ना? का तुम्ही इथेच दुकान मांडताय?"

"डब्यात ठेवली तर दुपारपर्यंत उमलतील," सुगराबी म्हणाल्या. "संध्याकाळी सेहरा द्यायचाय. खाली झाडाखाली बसून ओवते जमेल तेवढं."

"एवढ्या सगळ्या? एकट्या?"

"काय करणार मग?"

फलाटाच्या टोकाला एक मोठा कडुनिंब होता. जयसिंगने पाट्या तिथे नेल्या. शकू घरी जाऊन ओवायच्या दोऱ्यासाठी केळीच्या सोपटाचा भारा पाण्यात भिजवून घेऊन आली. सुगराबींनी पदर खोचला, बिस्मिल्ला म्हटलं आणि पहिली कळी गाठीत धरली. शकूला वेणी येत होती, सेहऱ्याची लड येत नव्हती. सुगराबींनी तिला दाखवलं. दोन कळ्या इकडे, दोन तिकडे, देठ आत, गाठ आवळायची पण कळी चेपायची नाही.

थोड्या वेळाने त्यांच्यावर सावली पडली. मंदाकिनीबाई उभ्या होत्या, हातात चष्म्याची डबी.

"सरका जरा. डब्यात बसून ह्यांचे सुस्कारे ऐकण्यापेक्षा हे बरं. आणि ती गाठ पुन्हा दाखवा. माझी शिवणाची आहे, फुलांची नाही."

त्या बसल्या, म्हणून आणखी दोघी बसल्या. मग पुण्याला परीक्षेला चाललेल्या कॉलेजच्या मुली आल्या. परीक्षा बुडाल्याचं रडून झालं होतं. भाजीच्या पाट्या घेऊन निघालेल्या बाया आल्या. एक लेकुरवाळी आली, तिने मूल मांडीवर झोपवलं आणि हात मोकळे केले. कुणी कुणाला नाव विचारलं नाही. कुणाची लड सैल होई, कुणाची वाकडी. सुगराबी फिरून फिरून बघत आणि त्यांच्या त्या मोठ्या आवाजात सांगत, "छान जमतंय, पण ही उसवा!" मुली हसायच्या आणि उसवायच्या.

इकडे स्टेशनच्या खोलीपुढे वेगळंच वातावरण तापलं होतं. स्टेशनमास्तर श्यामसुंदर नावाचे एक तरुण गृहस्थ होते, नवीन बदली होऊन आलेले. सकाळपासून ते बिघडलेल्या फोनशी झगडत होते आणि लोक त्यांच्याशी. फलाटावरच्या नळाचं पाणी संपलं तेव्हा लोकांचा संयमही संपला. दहा-पंधरा जण दारात जमले. एकाने टेबलावर हात आपटला. दुसरा म्हणाला, "ह्याला बाहेर ओढा, म्हणजे सिग्नल कसा पडत नाही बघू."

यज्ञेश्वरपंत छत्री टेकत मधे जाऊन उभे राहिले.

"मास्तरांना मारून सिग्नल पडत असता," ते शांतपणे म्हणाले, "तर पहिला हात मी उचलला असता. मला घरी जाऊन दुपारची झोप घ्यायची आहे. पण तो पडणार नाही. आणि चिठ्ठी घेऊन माणूस परत आला की तिच्यावर सही करायला हेच लागणार आहेत. तेव्हा त्यांचा उजवा हात तरी शाबूत ठेवा."

कुणीतरी हसलं. हसू पसरलं आणि गर्दी सैल झाली. पंत तिथेच बाकावर बसले आणि त्यानंतर दर थोड्या वेळाने डब्याडब्यातून फिरून "अजून काही नाही" ही बातमी इतक्या गंभीरपणे देऊ लागले की लोक तिचीही वाट बघू लागले.

पाण्याचं मात्र खरंच कठीण होतं. सुगराबींच्या शेजारी कळ्यांवर शिंपडायला आणलेली एक घागर होती. एक म्हातारे गृहस्थ तिच्याकडे बघत उभे राहिले. ते मागत नव्हते, नुसते बघत होते. सुगराबींनी ओंजळीतलं पाणी परत घागरीत सोडलं आणि घागर त्यांच्यापुढे सरकवली.

"प्या बाबा. आणि तिकडे पोरं आहेत, त्यांनाही द्या."

"आणि फुलं?" मंदाकिनीबाईंनी विचारलं.

"फुलांचं बघू."

घागर रिकामी झाली. जयसिंग हे बघत होता. तो घरी गेला आणि बैलगाडीवर पिंप लादून विहिरीचं पाणी घेऊन आला. त्याच्या मागोमाग गावातून आणखी दोन गाड्या आल्या. मग माणसं आली. कुणाच्या हातात ताकाचं मडकं, कुणाच्या डोक्यावर भाकरींची दुरडी, वर कांदा आणि ठेचा. गाव काही श्रीमंत नव्हतं. पण एवढी गाडीभर माणसं आपल्या दारात उपाशी बसली आहेत हे त्यांना बघवेना. एका म्हातारीने मंदाकिनीबाईंच्या हातात भाकरी ठेवली. बाईंनी "किती झाले?" असं विचारलं तर ती रागावली. "लगीनघरचं काम करताया न्हवं? मग जेवा की!"

ऊन डोक्यावर आलं तशा निंबाखालीही झळा लागू लागल्या. सुगराबींनी पाटीत हात घातला आणि त्यांच्या लक्षात आलं की खालच्या कळ्या ऊबट लागताहेत. एक पाटी तर गेल्यातच जमा होती. कळ्यांची तोंडं सुटली होती. त्या उठून स्टेशनच्या खोलीत गेल्या. श्यामसुंदर मास्तर डोकं धरून बसले होते. आणखी एक माणूस आला म्हणजे आणखी एक शिवी, अशा नजरेने त्यांनी वर पाहिलं.

सुगराबी म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही सकाळपासून काही खाल्लं का?"

मास्तरांनी नकारार्थी मान हलवली. सुगराबी परत गेल्या आणि भाकरी नि ताक घेऊन आल्या. मास्तरांनी दोन घास खाल्ले, तेव्हा आपल्याला किती भूक लागली होती ते त्यांना कळलं. भाकरी संपल्यावर त्यांनी विचारलं, "तुम्हाला काही हवं होतं का?"

"थंड जागा असेल तर बघा. माझ्यासाठी नाही, फुलांसाठी."

स्टेशनच्या मागेच मास्तरांचं दोन खोल्यांचं दगडी घर होतं. घरचे लोक गावी गेलेले. त्यांनी किल्ली काढून दिली. आतली जमीन शेणाने सारवलेली, गारेगार. पाट्या आत गेल्या, ओवणाऱ्या बाया आत गेल्या, आणि मग मास्तरांनी स्वतःच म्हातारी माणसं आणि तान्ही मुलंही आत बोलावली. खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. मोगऱ्याचा वास इतका दाटला की बाहेर बसलेले लोक दारातून डोकावून जायचे.

चिठ्ठी घेऊन माणूस आला तेव्हा उन्हं कलली होती. मास्तरांनी सही केली, गार्डाने शिट्टी दिली आणि सिग्नलचा हात आडवा असतानाच गाडी हलली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. जयसिंग आणि शकू फलाटावर उभे होते. सुगराबींनी दारातून हात जोडले. शकू ओरडली, "आक्का, गाठ सैल करू नगा!"

गाडी बैलगाडीच्या चालीने चालली होती. ओवणं चालूच होतं. पुणं येईपर्यंत लडी झाल्या होत्या, गजरे अर्धेच झाले होते आणि सेहरा बांधायचा बाकी होता. स्टेशनवर हमालांची झुंबड. एक पाटी सुगराबींच्या डोक्यावर, एक मंदाकिनीबाईंच्या कडेवर. तिसरी कोण घेणार? यज्ञेश्वरपंतांनी काळी टोपी काढून खिशात घातली आणि पाटी डोक्यावर ठेवली. जन्मात मंडईची पिशवी न उचललेला माणूस.

"ओळखीचं कुणी भेटलं तर?" मंदाकिनीबाई म्हणाल्या.

"भेटलं तर त्याच्या डोक्यावर देईन," पंत म्हणाले.

रिक्षा कसब्यात शिरली तेव्हा दिवेलागण जवळ आली होती. मंदाकिनीबाई घरी न जाता सुगराबींच्या खोलीत शिरल्या. सुगराबींनी लडी चटईवर पसरल्या आणि त्या पहिल्यांदा थबकल्या. दादामियाँ हे कसं बांधायचे ते त्यांनी वर्षानुवर्षं बघितलं होतं, पण हात कधी लावला नव्हता.

"मला हे बांधता नाही यायचं," त्या म्हणाल्या.

"मग कुणाला येणार? मला?" मंदाकिनीबाई म्हणाल्या. "मला तर हे तोंडावर बांधतात की पाठीवर, तेही ठाऊक नाही. तुम्ही सांगा, मी दोरा धरते."

एकीने दोरा धरला, दुसरीने बांधलं. एकदा सगळं तिरकं झालं, सोडलं, परत बांधलं. शिवणाच्या बाईंनी कपाळपट्टीला आतून चार पक्के टाके घातले. दादामियाँनी ते कधी घातले नव्हते, पण सुगराबींनी पुढे मरेपर्यंत घातले.

अमीनभाई दोनदा दारात येऊन गेले होते. गाडी अडकल्याची बातमी पेठेत पोचली होती. तिसऱ्यांदा आले तेव्हा सुगराबी सेहरा ताटात घेऊन उभ्या होत्या.

"अमीन, सेहरा झाला. पण गजरे कमी पडतील. एक पाटी वाटेत उमलली, तिचं काही करता आलं नाही. आणि लडी एकसारख्या नाहीत. बऱ्याच जणींनी ओवल्यात."

अमीनभाईंनी ताटाकडे बघितलं. मागे जरीनाभाभी होत्या. त्या पुढे झाल्या, त्यांनी एक लड बोटावर घेतली, उलटून पाहिली.

"ही कुणी ओवली?"

"कॉलेजातली मुलगी होती. नाव नाही विचारलं. परीक्षा बुडाली तिची."

"आणि ही?"

"भाजीवालीनं."

जरीनाभाभींनी लड परत ताटात ठेवली. मग म्हणाल्या, "उमललेली फुलं टाकली तर नाहीत ना? द्या इकडे. नवरा-नवरीवर उधळू. लग्नात उधळायला तर उमललेलीच लागतात."

त्या संध्याकाळी युसूफचा निकाह झाला. सेहरा चेहऱ्यावर आला आणि कळ्या एकेक करत उमलू लागल्या. मंदाकिनीबाई आणि पंत घामेजलेल्या कपड्यांतच शेवटच्या रांगेत बसले होते. अमीनभाईंनी त्यांना जाऊ दिलं नाही. शाकाहारी म्हणून त्यांच्यासाठी शेजारून पुरणपोळी मागवली गेली आणि पंतांनी तीन खाल्ल्या, असं मंदाकिनीबाई सांगायच्या. पंत दोन म्हणायचे.

त्यानंतर पेठेत कुणी कॅम्पातल्या फुलवाल्याचं नाव काढलं नाही. सुगराबींची फळी पुढे वीस-बावीस वर्षं चालली. मोरदऱ्याला शकूने वेण्या आणि लडी ओवायला घेतल्या, मग तिच्या जावांनी, मग आणखी काही घरांनी, आणि लग्नसराईत तिकडून तयार लडीच येऊ लागल्या. श्यामसुंदर मास्तरांची वर्षभरात बदली झाली. कुठे गेले ते कळलं नाही. सुगराबींना त्याची रुखरुख होती. "त्या माणसाला मी नीट शुक्रिया म्हटलंच नाही," असं त्या म्हणायच्या.

मी त्यांच्या शेजारी वाढले. ही हकिगत मी काही त्यांच्या तोंडून ऐकली, काही मंदाकिनीबाईंच्या. दोघींचं येणं-जाणं शेवटपर्यंत होतं. सुगराबींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा मंदाकिनीबाई वाचून दाखवायला यायच्या, आणि यज्ञेश्वरपंत गेले तेव्हा तिरडीवरचा हार सुगराबींनी चाचपडत स्वतः ओवला.

एकदा दोघी ओट्यावर बसल्या होत्या. मी विचारलं, "खाला, त्या दिवशी तुम्ही चिडला नाहीत?"

"कुणावर चिडू? विजेवर?" सुगराबी म्हणाल्या. "अगं, त्या दिवशी मला किती माणसं मिळाली! नवरा गेल्यावर मला वाटलं होतं, आता आपलं कुणी नाही. मी अजून रोज दुआत सगळ्यांची नावं घेते. ज्यांची ठाऊक नाहीत त्यांना परीक्षावाली, भाजीवाली, भाकरीवाली म्हणते. अल्लाला कळतं."

मंदाकिनीबाईंनी चष्मा पुसत विचारलं, "माझं नाव असतं का त्यात?"

"रोज असतं की."

"मग नुसतं नाव नका घेऊ," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "गुडघ्यांचंही जरा सांगा. जिना चढवत नाही हल्ली."